घोड्यावरून आलेले लोक

माहितीपट काढणारी माणसं आमच्या घरी आली, त्या शनिवारी मी आधीच दमलेली होते. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात माझं काम तपासणीचं. आठवडाभर लहान लहान पुर्जे भिंगाखाली धरून डोळे चुरचुरत होते. दुपारी बसनं घरी पोचले तर दारात बुटांचा ढीग, आत तीन मोठे दिवे, आणि त्या उजेडात माझे वडील धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत ताठ बसलेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पेठेत आयुष्यभर शिलाईचं दुकान चालवलं त्यांनी. तेव्हा त्यांना चौऱ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.

माहितीपट होता तो शतकांपूर्वी फौजांबरोबर दक्षिणेत येऊन इथंच राहिलेल्या मराठी लोकांवर. दिग्दर्शिका मूळ पुण्याची, तिशीची मुलगी, आता आमच्याच शहरात एचएसआर लेआउटमध्ये राहणारी. कॅमेरा न आणता ती आधी दोनदा येऊन गेली होती. अण्णांसमोर खाली सतरंजीवर बसायची, वहीत लिहायची. त्यांना ती आवडली होती. कन्नडच्या सवयीनं ते तिला अम्मा म्हणायचे.

त्या दोन भेटींत अण्णांनी तिला आमच्या घरात चालत आलेली गोष्ट सांगितली होती. मीही ती लहानपणापासून ऐकलेली. "आमचे लोक लढणारे नव्हते, अम्मा. फौजेच्या मागनं बैलांबरोबर चालत यायचे. तंबू शिवायचे. वारं सुटलं की तंबू फाटायचा, तेव्हा आमची आठवण. एरवी कोण विचारतो?" मग फौज इथं पोचली तेव्हा आमच्यातली एक बाई बाळंत झाली. तिला हलवता येईना म्हणून घरची माणसं चार दिवस मागं थांबली. फौज पुढं निघून गेली. परत बोलवायला कुणी आलं नाही, आणि यांनीही वाट पाहणं सोडून दिलं. जवळच्या पेठेत सुई-दोरा घेऊन बसले. एवढीच गोष्ट.

त्या सकाळी अण्णांनी हे सगळं कॅमेऱ्यासमोर पुन्हा सांगितलं होतं. मी आले तेव्हा ती मुलगी गॅलरीत फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात वाद घालत होती. आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आजोबा, तंबूचं फार सुंदर सांगितलंत. पण निर्मात्यांना सुरुवात घोड्यांनी करायचीय. तुम्ही फक्त एक वाक्य म्हणाल का? 'आमचे पूर्वज घोड्यावरून इथं आले.'"

"पण ते चालत आले ना."

"हो, पण फौजेत घोडे होतेच की."

"होते. आमचे नव्हते."

ती हसली, पण वाक्य काही सोडलं नाही. मग सुरू झालं. आवाज नको म्हणून पंखा बंद, फ्रिजही बंद. पहिल्यांदा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा अण्णा विसरले. तिसऱ्यांदा म्हणाले, "आमचे पूर्वज घोड्यांच्या मागून इथं आले." चौथ्यांदाही तेच. ते मुद्दाम करत होते असं मला वाटत नाही. जीभच तिकडं वळत होती. त्यांच्या कपाळावरून घाम गळायला लागला, तो एका मुलानं कागदी रुमालानं टिपला. सहाव्या की सातव्या खेपेला ते बोलायचे थांबले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघू लागले.

मी त्या वेळी काय केलं ते नीट सांगायला हवं. ती माणसं जावीत, दिवे विझावेत आणि मला पाठ टेकता यावी, एवढंच माझ्या मनात होतं. मी म्हटलं, "अण्णा, म्हणून टाका की. स्वल्प काम राहिलंय."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं. मान वळवून त्यांनी ते वाक्य म्हटलं. अगदी स्वच्छ, ठासून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती माणसं गेल्यावर कळलं, फ्रिज बंदच राहिला होता आणि इडलीचं पीठ फसफसून भांड्याबाहेर आलं होतं. मी ते पुसत बसले.

पाच-सहा महिन्यांनी एका लहान सभागृहात फिल्म दाखवली. धूळ, नगारे, भाड्यानं आणलेले घोडे, आणि मग पडदाभर अण्णांचा चेहरा. ते मराठी बोलत होते आणि खाली मराठीतच अक्षरं उमटत होती, कारण आमची मराठी पुण्या-मुंबईच्या लोकांना कळेल याची खात्री नव्हती. अण्णा एका वाक्यापुरतेच होते. आमचे नातेवाईक खूश झाले. एक चुलतभाऊ तिथंच त्यांच्या पाया पडला. येताना रिक्षात अण्णा एवढंच म्हणाले, "आवाज बरा आलाय नाही माझा?"

त्यानंतर घरी कुणीही आलं की ते फिल्मचं सांगू लागले. आधी फिल्मचं, मग हळूहळू नुसतं घोड्याचं. दसऱ्यापर्यंत घोडा काळा झाला. दिवाळीत त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आला. मी एकदा पाहुणे गेल्यावर विचारलं, "अण्णा, आपले लोक तंबू शिवायचे ना?"

"ते दुसरे. शेजारच्यांचे असतील."

"आणि ती बाळंतीण?"

"कुठली बाळंतीण?"

ते थट्टा करत नव्हते.

मी त्या मुलीला फोन लावला. ती आता मारतहळ्ळीच्या एका कंपनीत कामगारांच्या प्रशिक्षणाच्या फिल्म बनवते. तंबूचं रेकॉर्डिंग मिळेल का, असं विचारलं.

"ताई, निर्मात्यांनी पुढच्या कामासाठी हार्ड डिस्क पुसून घेतली. मी ठेवा म्हणाले होते." मग म्हणाली, "तुम्हाला माझा राग येत असेल."

राग यायला अंगात जोर लागतो. शिवाय 'म्हणून टाका' ती म्हणाली नव्हती, मी म्हणाले होते. तसं मी तिला सांगितलं.

एका रविवारी अण्णांच्या पायाला तेल लावताना मीच त्यांना ती गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच सांगतेय अशी. बैल, फाटलेले तंबू, थांबलेली माणसं. त्यांनी मन लावून ऐकली.

"छान आहे," ते म्हणाले. "मग तिला काय झालं? मुलगा की मुलगी?"

मला माहीत नव्हतं. इतक्यांदा ऐकून मी कधी विचारलंच नव्हतं, आणि आता ज्यांना विचारायचं तेच मला विचारत होते.

"मुलगी," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि दुसरा पाय पुढं केला.

आता मी त्यांना टोकत नाही. कुणी आलं की ते घोड्याचं सांगतात. मी आत जाऊन कॉफी करते, आणि थोडा जास्तच वेळ लावते.