आधी अक्कांना घेऊ द्या

हे मी माझ्या माणसाला सांगितलं नाही, लेकीलाही नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांवर लिहायला बसले आहे — जमेल तसं.

तेव्हा आम्ही श्रीगोंद्याकडे साखर कारखान्याच्या चाळीत राहायचो. दुष्काळाचं साल होतं. शेजारी शेवंताक्का. त्यांचे मालक नागापूरला कंपनीत कामाला गेले आणि तिथे दुसरी बाई घेऊन राहिले. हे अक्कांनी एकट्या मला सांगितलं होतं. मलाच का? मी कुठे कुणाशी बोलते — म्हणूनच ना? चाळीत त्या सांगायच्या, मालकांना सुट्टीच मिळत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही मुकादमीणबाईंकडे बसलो होतो. त्यांचा शिरस्ता असा, की प्रत्येकीने ओळीने नवऱ्याचं नाव घ्यायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही. अक्का मुद्दाम शेवटी, दाराशी बसलेल्या. तिथवर पाळी येईतो वाण वाटायची घाई होते, बायका उठायला लागतात — त्यांना ठाऊक होतं. माझी पाळी मधेच आली. मुकादमीणबाई म्हणाल्या, "आता आमच्या मुकीचं ऐका गं." सगळ्या हसल्या.

मी म्हणाले, "आधी अक्कांना घेऊ द्या. त्या थोरल्या."

किती शहाण्यासारखं बोलले! थोरलीचा मान राखला म्हणून एकीने मान डोलावली. सगळ्या दाराकडे वळल्या. अक्का उभ्या राहिल्या. "उसाच्या फडाला पाटाचं पाणी —" एवढंच म्हणाल्या.

"घ्या की वो, नाव काय झिजतंय व्हय?" कुणीतरी म्हणालं.

अक्कांनी पदरात तोंड झाकलं. बायकांनी खोदून खोदून विचारलं, आणि रडता रडता त्या सगळं बोलून गेल्या. त्यानंतर त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. उन्हाळ्यात आपल्या लेकीला घेऊन त्या माहेरी निघाल्या.

मी लाजले म्हणून पाळी ढकलली — असं स्वतःला सांगत आले. पण ते खरं आहे का? मला घ्यायचं नाव तर पाठ होतं. चुलीपुढे बसून रोज घोकलं होतं. मला फक्त ते हसणं माझ्यावरून उठून दुसरीवर जायला हवं होतं. आणि ते कुणावर जाईल, तिचं काय होईल — हेही त्या क्षणी मला कळत होतं.

निघताना अक्का माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "तुझा काय दोस गं. तुला बोलायची लाज वाटती, मला ठावं हाय." माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हा तिथे आम्ही दोघीच होतो. पाळीचा प्रश्नच नव्हता. मी मान खाली घातली, आणि तो हात फिरू दिला.