शीलाचा सिंधीचा वर्ग

माझी बायको शीला पगारे फाळणीत आलेल्या सिंध्यांच्या वस्तीत, कॅम्प चारच्या एका शाळेत सिंधी शिकवायची. आम्ही बौद्ध, घरात मराठी. पण तिची आई सुंदराबाई सिंध्यांच्या घरी पापड लाटायला जायची आणि सोबत शीलाला न्यायची. त्यामुळे भाषा तिच्या तोंडात लहानपणीच बसली. लिपी लग्नानंतर शिकली, परीक्षा दिली. उजवीकडून डावीकडे तिचा हात सरसर चालायचा, मी बघतच राहायचो.

२००६ साली मुख्याध्यापकांनी बजावलं, शाळा सुटल्यावरच्या या वर्गाला दिवाळीपर्यंत मुलं वाढली नाहीत, तर खोली कॉम्प्युटरला जाईल. शीला दारोदार फिरू लागली. सिंधी बायका म्हणायच्या, "टीचर, सिंधी पढ़के क्या होगा?" समोरच्या ब्लॉकमधल्या पोपटी अम्मांनी तर सिंधीत तिलाच विचारलं, "तुझी मुलगी शिकते का सिंधी?"

त्याच संध्याकाळी तिने आमच्या अस्मिताचं नाव वर्गात घातलं. मी भडकलो. पोरीने कॉम्प्युटर शिकावा म्हणून मी अंबरनाथच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम करत होतो.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस तुला, पोरीला कशाला ओढतेस?"

"लोकांच्या पोरांना जे चांगलं म्हणून सांगते, ते माझ्या पोरीला वाईट कसं?"

मी रागाने जेवलो नाही, एवढंच.

आईकडून थोडी सिंधी आधीच उचललेली अस्मिता ती बोलायला रोज अम्मांकडे जाऊन बसू लागली. गणपतीनंतरच्या एका रविवारी मी तिला बोलवायला गेलो. अम्मा नातवाला, जतिनला, काही सांगत होत्या. त्यांना हिंदी कामापुरतीच यायची, आणि त्याला सिंधी कळत नव्हती. तो आपला व्हिडिओ गेममध्ये.

अस्मिता म्हणाली, "जतिन, सुन ना. कराची में स्टीमर पे चढ़ते टाइम दादी के हाथ से उसकी माँ का हाथ छूट गया. दादी तब तेरे से भी छोटी थी."

त्याने गेम खाली ठेवला. "फिर? माँ मिली?"

अम्मा सांगत गेल्या, तो विचारत गेला, आणि माझी नऊ वर्षांची पोर मधे बसून इकडचं तिकडे पोचवत राहिली. जतिनची आई दारात ताट घेऊन उभीच.

दुसऱ्या दिवशी जतिनची आई त्याला घेऊन वर्गात आली. तिचं बघून ब्लॉकमधल्या इतरही आल्या. खोली सिंधीकडेच राहिली.

दिवाळीला फराळ द्यायला गेलो, तर अम्मा माझा हात धरून सिंधीत काही बोलल्या. त्यांचे डोळे भरले होते.

मी अस्मिताला विचारलं, "काय म्हणतात गं?"

"म्हणतात, तुझ्या मुलीमुळे माझा नातू मला भेटला."