आजेसासूबाईंचे पणजोबा

माझ्या लेकीच्या आजेसासूबाईंना मी चुकीचे पणजोबा मिळवून दिले.

हेतू चांगला होता. (माझे हेतू नेहमीच चांगले असतात, बायकोला हे वाक्य पाठ आहे.) आमची इरा जन्मापासून इथली, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलची, तिचा नवरा टायलर तिथून तासाभराच्या अंतरावरचा. त्याची आजी लोरेन एकोणनव्वद वर्षांची. इरामुळे आम्हीही त्यांना आजीच म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला आजी मला म्हणाल्या, "माझे पणजोबा, जॉन डॅनियल कॉब, यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या कॉन्फेडरेट सैन्यात गेले ते परत आलेच नाहीत. ते कुणाच्या बाजूनं लढले याचा मला अभिमान नाही. पण माझी पणजी जन्मभर दाराकडे डोळे लावून बसली. त्यांचं काय झालं, एवढं कळलं की मी सुटले."

"आजी, डोन्ट वरी! ते काम माझं!"

मी काही ऐरागैरा नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढणाऱ्या समितीत मी होतो. (माझ्याकडे चहा-बिस्किटं होती, पण समितीत होतो!) शिवाय रिटायर झाल्यापासून वेळच वेळ. सैन्याच्या नोंदींत जॉन डॅनियल कॉब दोन निघाले. एक हॉस्पिटलात वारलेला, थडग्याच्या पत्त्यासकट. दुसऱ्याच्या नावापुढे 'विनापरवानगी गैरहजर'. यातला आपला कोणता? मी १८५०ची जनगणना उघडली आणि पाच मिनिटांत ओरडलो, "वैशाली, सापडला! हॉस्पिटलवाल्याच्या गावात कुटुंबप्रमुख डॅनियल कॉब, मुलगा जॉन. म्हणजे जॉन डॅनियल कॉब! दुसऱ्याच्या गावात डॅनियलच नाही. हाच आपला!"

"अहो, आजींना एकदा विचारून तर घ्या," वैशाली म्हणाली.

"सरप्राइज आहे!"

शनिवारी आम्ही पाच जण गाडीत बसून निघालो. मी झब्बा घातला होता, वैशालीनं फुलं घेतली होती आणि अगरबत्तीही. आजींनी चर्चला जायची हॅट घातली होती. दोन तासांनी त्या थडग्यापाशी पोचल्या, दगडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तिनं फार वाट पाहिली हो तुमची." टायलरनं डोळे पुसले. मलाही गलबलून आलं.

इथे गप्प बसलो असतो तर मी आज त्या घरात देव असतो. पण संशोधकाला पद्धत समजावून सांगायची असते!

"त्याचं काय आहे आजी, तुमचे खापरपणजोबा डॅनियल..."

"कोण डॅनियल?"

"जॉनचे वडील!"

"जॉनचे वडील एफ्रेम. घरच्या बायबलात लिहिलंय."

"मग मधलं नाव डॅनियल कसं?"

"ठेवलं. आवडलं म्हणून ठेवलं!"

इरानं कपाळाला हात लावला. "बाबा! ओ माय गॉड! मधलं नाव वडिलांचं, हे आपल्यात असतं! इकडे नाही!"

अठ्ठावीस वर्षं मी या देशात राहतोय. माझ्या मॅनेजरच्या नावात मध्ये 'ली' होतं. दर ख्रिसमसला मी त्याला विचारायचो, "हाउ इज मिस्टर ली?" तो बिचारा म्हणायचा, "फाइन." आता कळलं, तो माझ्याकडे विचित्र का बघायचा ते.

"मग आपला कुठाय?" आजींनी दगडावरचा हात काढून घेतला.

टायलरनं तिथेच फोनवर एफ्रेम कॉब शोधला. १८७०च्या जनगणनेत सापडलाही, शेजारच्याच काउंटीत, मुलाच्या घरी राहणारा. मुलगा जॉन डी. कॉब, शेतकरी. बायको मार्था. पोरं चार, थोरली सहा वर्षांची.

"म्हणजे थोरली युद्ध संपायच्या आधीच जन्मली?" वैशाली पुटपुटली.

"माझ्या पणजीचं नाव सुझन," आजी म्हणाल्या.

म्हणजे आपला तो 'विनापरवानगी गैरहजर'वाला, सैन्यातून आणि घरातूनही! मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो, आणि जागाही अगदी योग्य होती.

"घरापासून किती लांब?" आजींनी विचारलं.

"चाळीस मैल," टायलर म्हणाला.

"चाळीस मैल! आणि ही बाई आयुष्यभर दार उघडं ठेवून बसली!" आजी आधी रडल्या, मग हॅट पडेपर्यंत हसल्या. वैशाली संकोचून फुलं उचलायला वाकली, तर आजींनी तिचा हात धरला. "राहू दे. हा निदान खरोखर मेला तरी होता!"

मग गाडीकडे वळून म्हणाल्या, "आता मला त्या दुसऱ्याकडे न्या. दोन शब्द ऐकवायचेत त्याला."

"शुअर आजी! मी आत्ता रेकॉर्ड्स बघून..."

"तू नको! शोधेल टायलर. तू फक्त ड्राइव्ह कर."

सकाळी संशोधक म्हणून निघालेला मी ड्रायव्हर म्हणून पुढच्या प्रवासाला लागलो. त्या कामात मात्र मी कुठेही कमी पडलो नाही. एक एक्झिट चुकली, तेवढीच.