वाहत्या झऱ्याला मी कोरडा म्हटलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. नमाजानंतर हात पसरते तेव्हाही हा विषय मी टाळूनच पुढे जाते. आणि आज सांगतेय ते मन हलकं करायला नाही. आधीच स्पष्ट बोलते — मी जे केलं त्यातल्या एका गोष्टीची मला अजिबात लाज वाटत नाही. दुसरीची वाटते. लोक दोन्ही एकात कालवतील. मी कालवू देणार नाही.

कुसगावात माझं शिलाईचं दुकान आहे. विद्याताई माझ्या गिऱ्हाईक — प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ब्लाउजच्या बाहीवरून हटून वाद घालणाऱ्या. त्यांनीच मला झऱ्यांच्या कामात ओढलं. मावळातल्या डोंगरांत जे झरे आहेत ते दर महिन्याला जाऊन बघायचे, धारेखाली बादली धरायची, ती किती वेळात भरते ते फोनमधल्या ॲपमध्ये टाकायचं. पाणी असलं की नकाशावर त्या झऱ्याचा ठिपका निळा, नसलं की करडा. गटात सगळी हौसेने आलेली माणसं. मला तोवर कुणी फॉल आणि पिको सोडून काही विचारलं होतं का? विद्याताईंनी विचारलं. चढणीवर त्या माझा हात धरायच्या, आणि वर पोचल्यावर म्हणायच्या, "तू होतीस म्हणून चढले."

तिकोणा पेठेच्या पुढे, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिचं नाव मी सांगणार नाही. तिथला झरा माझ्याकडे होता. करवंदीच्या जाळीमागे कातळाच्या फटीतून येणारं पाणी, भर उन्हाळ्यातही न तुटणारी धार. वाडीतल्या बायका तिथंच हंडे भरतात. मी पहिल्यांदा बादली लावली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या हौसामावशी शेजारी येऊन बसल्या. माझं मोजून होऊ दिलं. मग म्हणाल्या, "बाई, ह्ये फोनात नका टाकू. खालच्या झऱ्याचं काय झालं, बगितलं न्हवं?"

बघितलं होतं. खालचा झरा नकाशावर निळा झाला आणि शनिवार-रविवारच्या गाड्या तिथवर यायला लागल्या. लोक त्यात शाम्पू लावून आंघोळी करायचे, बाटल्या फोडायचे, पाण्याला आलेल्या बायकांचे व्हिडिओ काढायचे. खालच्या बायका आता उलट चढून या झऱ्यावर येत होत्या.

"हितंबी त्येच झालं, तर आमी कुटं जायाचं?" मावशींनी विचारलं.

एखादा ठिपका झाकून ठेवता येईल का, असं मी गटात विचारलं. माहिती सगळ्यांसाठी खुली असते, असं सांगितलं गेलं. बरं. मी करडा ठिपका टाकला. दर महिन्याला जायचे, त्या झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायचे आणि "कोरडा" असं भरायचे.

याची मला लाज नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करेन. विज्ञानाशी खोटं बोललीस असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं — म्हणणाऱ्याच्या घरात नळ असतो.

पण तेवढंच असतं तर हे लिहायला बसले असते का?

माझा पाय मुरगळला. त्या महिन्यात मला न सांगता, मला मदत म्हणून, विद्याताई वाडीवर गेल्या. बायका करवंदं विकायला गेलेल्या, झऱ्यावर कुणी नव्हतं. त्यांनी बादली धरली, पाणी मोजलं आणि भरलं — वाहता. माझ्या सगळ्या नोंदींशी ते जुळेना. दरीत फोनला नकाशावरची जागाही धड सापडली नव्हती. फोटो होता, पण तसले कातळ मावळात कुठंही दिसतात. म्हणून लोणावळ्याला गटाच्या बैठकीत विषय निघाला.

इथं एक सांगायला हवं. विद्याताईंची आई शेवटी शेवटी लेकीलाही ओळखत नव्हती. आपलंही तसंच होणार, ही एकच भीती त्या बाईला होती. ती त्यांनी माझ्या दुकानात, मी हुकं लावत असताना, फक्त मला सांगितली होती.

आणि मी काय केलं? सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ताई, तुम्ही बहुतेक पलीकडच्या ओढ्यावर गेलात. हल्ली होतं तुमचं असं."

बाहीवरून वाद घालणारी ती बाई — वाद घातला नाही. स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "असेल," एवढंच म्हणाली.

बाहेर पडल्यावर त्यांना बाजूला घेऊन खरं सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? त्या ही खोटी नोंद पचवणार नाहीत असं मला वाटलं. विचारून पाहिलं का? नाही. आणि आणखी एक — तेही सांगतेच. विद्याताईंचं सोडून त्या खोलीतल्या सगळ्यांनी माझं खरं धरलं, ते मला आवडलं होतं.

विद्याताईंनी डोंगर सोडला. डॉक्टरकडे गेल्या. तपासण्यांत काही निघालं नाही, पण भीती काय तपासणीने जाते? मुलगा त्यांना घोरावाडी स्टेशनजवळच्या आपल्या घरी घेऊन गेला. आता त्या भाजीलाही एकट्या जात नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी चहा केला. गॅस बंद केलाय ना, म्हणून परत परत जाऊन बघून आल्या. मग समोर बसल्या.

"रेहाना, एक विचारू? त्या वाडीवर पाणी नव्हतंच ना गं? मला अजून ते दिसतं. हाताला गार लागल्यासारखं वाटतं."

त्यांनी गट केव्हाच सोडला होता. त्यांना खरं सांगितल्याने ठिपका निळा होणार नव्हता, वाडीवर एकही गाडी जाणार नव्हती. हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं.

"नव्हतं, ताई," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "बरं झालं विचारलं," म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

तो मी प्यायले.