चिमणी घ्यावी की गाडी

चालता चालता थांबायचं असलं, की ते उजवा हात बाहेर काढायचे. पायी चालताना. मागून कोणी येत असो वा नसो, तळहात खाली करून दोनदा हलवायचा, म्हणजे गाडी हळू होतेय, आणि मग चहाच्या हॉटेलापुढे उभं राहायचं. वळण आलं की मान आधी उजवीकडे, जिथे बसचा आरसा असतो तिथे. आमच्या गल्लीतली माणसं त्यांच्या मागून चालताना आपोआप अंतर ठेवायची. तुम्हीही ठेवलं असतं.

सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि माझ्या घरापासून तिसरं दार त्यांचं. उमेद होती तोवर एसटी चालवली. आमच्याकडे एसटीच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात, तेच त्यांचं नाव पडलं. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असावं. ओघानंच त्यांची बायको झाली पायलटीणकाकू.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मोठ्या गाडीला लोक बाजू देतेत." रस्त्यावर ते खरंच असेल, पण पायलटकाका ते कुठंही लावत. कलिंगड घेताना, पाण्याची टाकी घेताना, लेकीसाठी स्थळ बघताना. काकू सांगायच्या, "आमच्या बघण्याच्या टायमाला माझ्या बापानं ह्यांच्या नाकाकडं लय वेळ बघितलं, तवा सुदिक हे असंच म्हणले."

रिटायर झाल्यावर ते ओट्यावर बसू लागले, आणि गल्लीत येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा जिम्मा त्यांनी आपल्याकडे घेतला. जिनिंगकडे निघालेला कापसाचा ट्रॅक्टर चुकून आत शिरला, की हे उठलेच. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" एकदा एका पाहुण्याची जीप त्यांनी इतक्या प्रेमानं मागं घेतली की तिचं चाक नालीत गेलं.

"नाली नवी केली वाटतं," ते म्हणाले.

नाली माझ्या आजोबांच्या वेळची होती. आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसण्यापलीकडे त्यात काही असेल असं कोणाच्याच मनात आलं नाही.

एकदा उन्हाळ्यात वालूरला लग्नाची ऑर्डर होती. "घरी बसून बेजार झालो रे फोटोवाल्या," म्हणत ते माझ्या गाडीत येऊन बसले. वरात निघाली तशी मी ड्रोन वर सोडला. काका माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून रिमोटच्या स्क्रीनमध्ये बघायला लागले. नवरदेव, घोडा, बँड, काहीही त्यांना दिसत नव्हतं. वरातीच्या मागून जाणारी डांबरी सडक तेवढी दिसत होती.

"थांब, थांब. हे वळण आमच्या वालूर गाडीचं हाय."

"असंल काका."

"असंल काय? हायच. इथं मी हजारदा स्टिअरिंग वळवलं. पण हे असं दिसतंय? हे तर इळ्यावानी हाय की!"

त्यांनी मला ड्रोन त्या विळ्यासारख्या वळणावरच धरायला लावला. नवरीच्या मामांना आपल्या वरातीच्या व्हिडिओत मध्येच रिकामी सडक का दिसते, हे मला पुढं समजावून सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात हजर. "मला बी एक पायजे. धंद्याला न्हाई. हौस."

आता हौसेसाठी ड्रोन घ्यायचा तर पहिला सवाल एकच, लहान की मोठा. माझ्याकडे दोन्ही होते. मी दोन्ही टेबलावर ठेवले. लहान ड्रोनची घडी केली की तो शर्टाच्या खिशात मावतो, वजन अडीचशे ग्रॅमच्या आत, त्यामुळे कायद्याची कटकट कमी. मोठा वाऱ्यात हलत नाही, कॅमेरा चांगला, जास्त वेळ वर राहतो, पण वागवायला जड, आणि त्याची कागदपत्रंही जड. "हौसेला लहानच घ्या काका," मी म्हणालो.

त्यांनी लहान तळहातावर घेतला, फुंकर मारून बघितली. "ही चिमणी हाय. वारा सुटला की जाईल पाथरीला." मग मोठ्यावर हात फिरवला. "ही गाडी. मोठ्या गाडीला लोक..."

"आभाळात कोण बाजू देणार हाय, काका?"

"घारी देतील की."

तेव्हापासून आमच्या गल्लीत चिमणी आणि गाडी असे दोन पक्ष पडले. किराणावाले आप्पा गाडीच्या बाजूचे, कारण पैसे त्यांचे जाणार नव्हते. काकू एकट्या चिमणीच्या बाजूच्या, पण त्या एकट्या पुरेशा होत्या. "लहान घ्या. मोठं पडलं तर कुणाचं तरी टाळकं फुटंल, आन् दवाखान्यात डबा मला न्यावा लागंल."

काकांनी तोड काढली. नवी बस आली की डेपोत सगळ्यांना दाखवतात, तशी मोठी गाडी एकदा दाराशी आणून मालकिणीला दाखवायची. मी भिडेपोटी हो म्हणालो. त्यांच्या घरामागे मोकळा प्लॉट आहे, तिथून मोठा ड्रोन उडवला. रिमोट काकांच्या हातात, मी शेजारी. ड्रोन डावीकडे न्यायचा तर ते आधी खांदा डावीकडे टाकायचे, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी अंगठा. "हॉर्न कुठाय ह्याला?" त्यांनी विचारलं. हॉर्न नाही म्हटल्यावर कंपनीबद्दल त्यांचं मत फार खाली गेलं.

काकू गच्चीवर काठी घेऊन बसल्या होत्या, कावळ्यांपासून कुरडया-पापड राखत. काकांना वाटलं, जवळून दाखवावं. मी "वर घ्या, वर घ्या" म्हणेपर्यंत त्यांनी गाडी थेट गच्चीवर, स्टँडला लावावी तशी खाली घेतली.

मोठ्या ड्रोनच्या पात्यांचा वारा काय असतो ते त्या दिवशी सगळ्या गल्लीनं पाहिलं. आधी पातळ पोह्याचे पापड उठले. ते थव्यानं निघाले आणि आप्पांच्या दुकानावरून पार पलीकडच्या आळीत गेले. मग अर्धवट वाळलेल्या कुरडया गडगडत आल्या. शेवटी साडी उडाली, वाळवणाखाली अंथरलेली. त्या वावटळीत काकू काठी उगारून ड्रोनकडे बघत तशाच उभ्या. मी रिमोट हिसकावून ड्रोन वर घेतला, म्हणून गाडी वाचली.

"मोठ्या गाडीला," काकू गच्चीवरून शांतपणे म्हणाल्या, "माझ्या पापडांनी बाजू दिली."

पंधरवडाभर काका आमच्या दुकानाकडे फिरकले नाहीत. पलीकडच्या आळीतली माणसं मात्र एकेक पापड परत आणून देत होती.

मग एक दिवस दोघं मिळून आली. काकूंनी फर्मान काढलं होतं, की एकदा चिमणी उडवून बघायची आणि विषय संपवायचा. आम्ही तिघं गावाबाहेरच्या मैदानावर गेलो. ड्रोन कुठं उडवता येतो त्याच्या सरकारी नकाशात मी बघून घेतलं, हिरवा पट्टा होता, अडचण नव्हती. लहान ड्रोन उडवला, रिमोट काकांना दिला आणि म्हणालो, "स्क्रीनमधी बघत राहा."

"डायवरनं समोर बघायचं असतं. खिशातल्या टीव्हीत न्हाई." त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि चालवायला लागले.

थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उजळला. "बघ! बघ कशी ऐकायलीय माझं! डावीकडं म्हणलं की डावीकडं. आता मोठा गोल घेतो बघ. हां... घेतला! आरं, ही तर मोठ्या गाडीच्या बी वरचढ हाय!"

मी त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं. वर एक घार संथपणे घिरट्या घालत होती. आमचा ड्रोन पाठीमागे, बाभळींच्या दिशेनं बऱ्यापैकी लांब चालला होता.

"काका, ड्रोन मागं हाय."

"मग हे काय हाय?"

तेवढ्यात घारीनं पंख हलवले.

मला हसू आवरेना. मी रिमोट घेतला, ड्रोनला माघारी बोलवायचं बटण दाबलं आणि खूप हसलो. आता काकाही हसतील, नेहमीसारखं काहीतरी बोलतील, म्हणून वळून बघितलं, तर ते मैदानाकडेच्या रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले होते. काकू त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

"सांगा आता," काकू म्हणाल्या. "आपलाच हाय तो."

काकांनी चपलेनं माती उकरली. मग म्हणाले, "शेवटची काही सालं मी गाडीवर नव्हतोच रे. काचबिंदू. मेडिकलमधी नापास झालो. डेपोत लाइट ड्यूटी दिली, टायरं मोजायची. सकाळी डबा घेऊन जायाचो, संध्याकाळी यायचो. गल्लीत कुणाला बोललो न्हाई."

"काऊन, काका?"

"पायलट म्हणतेत सगळे. मंग काय म्हणले असते?"

त्यांना समोरचं दिसायचं, वाचता यायचं, पण सगळं नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं काही नाही. त्या नळीत आभाळातला एवढासा ठिपका सापडायचा नाही. "मोठं असलं तर दिसंल, असं वाटलं," ते म्हणाले. "गाडी वर उडायलीय आन् डायवरला दिसंना, हे काय बरं हाय का?"

काकूंनी पदरानं त्यांच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोठंच द्या ह्यांना."

"आता कशाला मोठं?" काका उसळले. "लहान घेऊ. तुझे पापड सुखानं वाळू दे."

"पापडाचं मरू द्या. मोठं घ्या म्हणते ना!"

"तू गप. लहानच!"

येताना सारा रस्ताभर ते असेच भांडत होते. तेच भांडण, फक्त पक्ष बदललेले. मी मध्ये चालत होतो आणि मला कोणाच्या बाजूनं बोलावं ते कळत नव्हतं. दुकानात आल्यावर पाणी दिलं आणि म्हणालो, "काका, उडवताना आभाळाकडं बघायला दुसरा माणूस ठेवतेत लोक. उडवणारा स्क्रीनमधी बघतो, दुसरा वर बघून सांगतो, की तार हाय, झाड हाय, पाखरू आलंय."

"म्हंजे कंडक्टर?" काकूंनी विचारलं.

"कंडक्टरच म्हणा."

काकूंनी दोन्ही ड्रोन एकेका हातात घेऊन तोलले. "मंग लहान द्या. पिशवीत घालून कंडक्टरलाच न्यायचं हाय ना?"

काकांनी एकच अट घातली. ड्रोनला मागच्या बाजूनं रेडियमची पट्टी पाहिजे. मी नारिंगी पट्टीचा नखाएवढा तुकडा कापून लावून दिला.

काकू कडक कंडक्टर निघाल्या. ओरडून घसा बसायला लागला, तेव्हा त्यांनी देवघरातली जुनी घंटी आणली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि न थांबता वाजत राहिली तर खाली उतरा. पहिल्याच दिवशी मैदानाशेजारून जाणारी एक बाई घंटी ऐकून चपला काढून, हात जोडून उभी राहिली. आभाळात काहीतरी गरगरतंय आणि खाली घंटी वाजतेय, तिनं तरी दुसरं काय समजावं! काकूंनी तिला पिशवीतला खडीसाखरेचा खडा दिला. बाई समाधानानं गेली.

पोखर्णीला काकूंच्या बहिणीच्या शेतात जाऊन त्यांनी हळदीचे वाफे वरून बघितले. तिथं बहिणीशी बोलण्याच्या नादात काकू घंटी विसरल्या आणि ड्रोन लिंबाच्या झाडात जाऊन बसला. "कंडक्टर खाली उतरून गप्पा मारायलाय, गाडीनं काय करावं?" ही तक्रार मग आठवडाभर आमच्या गल्लीला ऐकावी लागली.

पण काकांना खरी ओढ वालूरच्या सडकेची. सडकेच्या कडेला ओळखीच्या माणसाचं वावर होतं. तिथं बांधावर उभं राहून ते गाडीची वाट बघायचे. एकदा मी सोबत होतो. वावरावर ड्रोन वर धरलेला, आणि लांबून लाल बस आली. काका स्क्रीनला नाक लावून बसले. बस त्या वळणावर आली, वळली आणि गेली.

"काय दिसलं, काका?"

"टप." ते हळूच म्हणाले. "सारी उमर मी तिच्या पोटात बसून काढली, टप कंदी बघितलाच न्हवता. कुणीतरी चप्पल टाकलीय वर. एकच."

आणि खूप वेळ ते त्या चपलेबद्दल बोलत राहिले. कोणाची असेल, दुसरी कुठं असेल, टपावर फेकायचं काय कारण.

पुढे त्यांची नळी आणखी बारीक झाली. लेक येऊन दोघांना नांदेडला घेऊन गेली. जाताना गल्लीतली सगळी माणसं ओट्यापाशी जमली होती. जीप मागं घेताना सवयीनं सगळ्यांचं लक्ष काकांकडे गेलं, पण ते आधीच आत बसले होते. आप्पांनी पुढं होऊन "येऊ द्या, येऊ द्या" केलं. त्यांना ते जमत नव्हतं.

काकांनी काढलेले सगळे व्हिडिओ माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. कधी गिऱ्हाईक नसलं की लावतो. ड्रोनच्या व्हिडिओत आवाज नसतो, नुसतं चित्र. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात सारखीच, जमिनीवरून वर उठताना ती दोघं दिसतात. काकांची टोपी स्क्रीनवर वाकलेली, चेहरा कधीच दिसत नाही. काकूंचा चेहरा मात्र थेट वर, आपल्याकडे, उन्हानं डोळे किलकिले करून काहीतरी बजावत असलेला. बऱ्याच दिवसांनी मला एक गोष्ट दिसली. स्क्रीनमध्ये बघत काका हळूहळू पुढं सरकत असतात, बांधाच्या कडेपर्यंत, आणि आभाळावरची नजर न काढता काकूंनी मागून त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरलेलं असतं.