एक उशी, दोन डोकी

गिरणीच्या डॉक्टरने फुटपट्टीने माझी टोपी उडवली. हात लावला नाही. टोपी गेटवरच्या धुळीत पडली.

"नायटा आहे. सगळं खातं खाजवत बसेल."

मागे रांग हसली. माझ्याच खात्यातली माणसं.

संप मोडत आला होता. लालबागच्या आमच्या गिरणीत जुने कामगार निवडून परत घेत होते. माझ्या डोक्यावर रुपयाएवढे तीन चट्टे. गुळगुळीत. खाज नाही, खपली नाही. मी म्हटलं, "साहेब, ही चाई आहे. नुसते केस गळतात."

"डॉक्टर तू की मी?"

मग त्याने वासूला पुढे घेतलं. वासू माझ्या गावचा, माझ्याच खोलीतला. संपाआधी अकरा वर्षं आमची वळकटी एक. तो दिवसपाळीला गेला की मी आडवा व्हायचो, मी रातपाळीला गेलो की तो. उशी एकच. त्याच्या तेलाचा वास माझ्या गालाला.

"लागण आहे साहेब," वासू म्हणाला. "आम्ही त्याचं ताट वेगळं केलंय."

खोटं. सकाळीच एका ताटात पेज जेवलो होतो. आणि वासूच्या डोक्यावर हे दाट केस. ते कुणी बघितलं नाही. तो आत गेला. मी बाहेर.

पुढचं सांगायला लाज वाटते. आपली लागण होते हे मीही खरं मानलं. वर्षानुवर्षं टोपी काढली नाही. नातू मांडीवर आला की त्याला खाली उतरवायचो.

म्हातारपणी साखर वाढली म्हणून परळच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीण पोरगेलीशी. तिने टोपी काढली, चट्ट्यावरून बोट फिरवलं. उघड्या बोटाने.

"बाबा, हे कुणाला लागत नाही. आपल्याच रक्तातले राखणदार चुकून आपल्या केसांच्या मुळांवर उठतात. अशा लोकांत साखर, चरबी, रक्तवाहिन्यांची दुखणीही जास्त दिसतात. म्हणून नुसते केस बघून चालणार नाही, हृदयही तपासू."

"उशीतून लागतं?"

"नाही हो."

तीनदा विचारलं मी. तीनदा नाही म्हणाली.

आता चाळीच्या मंडळात जुन्या कामगारांचा सत्कार आहे. अध्यक्ष वासू. परवा धापा टाकत जिना चढून आला. "टोपी घालून ये रे. फोटो काढायचेत. झालं गेलं सोड."

"तुझे केस अजून दाट आहेत, वासू."

तो कठडा धरून जिना उतरू लागला.

रविवारी मी उघड्या डोक्याने जाणार. माईक हातात आला की आधी उशीचं सांगणार, मग ताटाचं, त्याच्या तोंडावर. आणि त्याने माझ्या खांद्यावर घातलेली शाल त्याच्याच हातात ठेवून खाली उतरणार.