बाबांनी टर्बोचा पाइप कापला

मंडळी, हात अजून काळे आहेत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

खांदा कॉलनीतल्या आमच्या पार्किंगमध्ये मी जुन्या हॅचबॅकची ड्रॅग कार, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीची गाडी बनवतेय. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो बसवल्यापासून जोर दिला की हवेचा पाइप निसटायचा आणि इंजिन तापायचं. आज जमलं नाही तर टर्बो काढून टाकायचा, असं ठरवलं होतं.

सकाळी बाबा खाली आले. आयुष्यभर कारखान्यात पाइप फिटर होते, पण माझ्या गाडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. वाकून बघत म्हणाले, "एवढी वळणं कशाला गं? आणि पाइपाचं तोंड गुळगुळीत, क्लॅम्पची पट्टी पकडणार कशाला?"

त्यांनी पाइप कापून आखूड केला आणि क्लॅम्प अडकायला टोकाला वेल्डिंगने उंच कड काढली. रेडिएटरच्या पंख्याभोवती पत्रा बसवला, म्हणजे सगळी हवा जाळीतूनच खेचली जाईल.

दुपारी द्रोणागिरीत ओळखीच्या गोदामाच्या बंद आवारात गाडी पळवली. पाइप हलला नाही, तापमानाचा काटा निम्म्यावरच! मी आनंदाने ओरडले.

बाबा म्हणाले, "आता मला बसव."

हेल्मेट घालून बसले. पहिल्या झटक्याला "अगं आई!" आणि थांबल्यावर फक्त, "परत!" असं चार वेळा.

मी दोन वर्षं इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारत होते. तुमच्या घरात कोणाला विचारायचं राहिलंय?